शेरा

दांडिया बाजारातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये
दर दुसऱ्या रविवारी एकाचं भाषण असतं,
आणि भाषणानंतर मी.
मी म्हणजे मूल्यमापक. कोषागारातून निवृत्त लेखापरीक्षक.
लाल पेन्सिल तेवढी निवृत्त झालेली नाही.

त्या रविवारी वैजयंता खंडागळे,
कुठल्याशा दवाखान्यात एक्स-रे काढते.
विषय : शाळेनंतरची शाळा.

सुरुवात : नाही. ना सुभाषित, ना रसिकहो.
थेट म्हणाली, "आम्ही शनिवारी पुलाखाली बसतो."
कुठल्या पुलाखाली, सांगितलं नाही. दोन गुण वजा.
आवाज : तिसऱ्या रांगेपर्यंत.
मागून पाठारे ओरडले, मोठ्याने!
ती दोन वाक्यं मोठ्याने बोलली, मग पुन्हा तिथेच.
'म्हणजे' : एकवीस वेळा.
मी उभ्या रेघा मारत गेलो, पाचवी आडवी.
एकच वाक्य तीनतीनदा, दर वेळी थोडं सोपं करून.
नजर : खाली, जणू टेबलावर कुणाची वही उघडी आहे.
हातात खडू होता, उगाचच.
त्याला फॉर्मवर रकाना सापडेना.

मग तिने कल्पेशचं सांगितलं. सगळे त्याला कल्पो म्हणतात.
सात साते किती?
तो म्हणाला, ओगणपचास.
हिच्या तोंडून गेलं, एकोणपन्नास.
दोघांचं जुंपलं. शेवटी हिने वहीत पन्नास रेघा काढल्या
आणि त्याला एक खोडायला लावली.
"म्हणजे," (बावीस) "दोन्हीकडे एक कमीच."
हॉल हसला.
विनोदाला आमच्याकडे गुण नाहीत, तरी मी एक दिला.

"दिवाळीनंतर तो आला नाही."
आणि गप्प.
मी घड्याळ लावलं. अकरा सेकंद. बारा.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
ती काही चालू होईना.
एकोणिसाव्या सेकंदाला म्हणाली, "झालं,"
आणि बसली.
समारोप : शून्य.

मी उठलो. आधी गोड, मग कडू, मग गोड, असा आमचा रिवाज.
तळमळ पोचली, म्हणालो. समोर बघा, म्हणालो.
विराम घ्या, पण हरवल्यासारखा नको.
आकडे द्या : मुलं किती, पास किती.
ती सगळं लिहून घेत होती. मान वर न करता विचारलं,
"जो येत नाही, तो मोजायचा का?"
हजेरीपटावर असेल तर मोजायचा, मी म्हणालो.
टाळ्या झाल्या. चहा झाला, खारी होती.

शनिवारी मला कालाघोड्याकडे काम होतं.
काम नव्हतं.
पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो,
लोक विश्वामित्रीतली मगर बघायला राहतात तसा.
खाली, पाण्यापासून लांब, चढावर,
सहा मुलं आणि माझ्याकडे पाठ केलेली ती.
आवाज वर येत नव्हता.
मान एका वहीवर वाकलेली.
एका पोरीला काहीतरी विचारून थांबली होती.
सवयीने माझं लक्ष मनगटाकडे गेलं.
तीस सेकंद. चाळीस. पोरगी पेन्सिल चावतेय.
रिक्षावाला मागून म्हणाला, काका, दिसली का?
नाही रे.
पंचावन्न. मिनिट उलटलं.
पोरीने काहीतरी लिहिलं, हिने काहीतरी म्हटलं,
पोरीने ते खोडलं आणि परत लिहिलं.
शेजारी गोणपाटाचा एक तुकडा
नीट अंथरलेला, चारी कोपऱ्यांना खडे ठेवून.
त्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

फॉर्म अजून माझ्याच खिशात आहे, द्यायचा राहिला.
बेरीज सव्वीस. शेरा : सुधारणेस वाव.
लिहिलेलं खोडायचं नाही, बाजूला दुरुस्ती करून सही करायची,
हे मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं.
म्हणून खोडलं नाही.
बाजूला, बारीक अक्षरात :
गैरहजर एक. धरला आहे.